यकृताच्या रुग्णाचा हर्निया : घाई नको, हयगयही नको

तुळशीचे लग्न होऊन चारच दिवस झाले होते. दवाखान्यात साधारण ५५ वर्षांचे एक गृहस्थ आले. हातपाय काडीसारखे, पोट मात्र टरटरून फुगलेले आणि बेंबीच्या जागी मोठ्या लिंबाएवढी गाठ. बरोबर थोरला मुलगा होता. खुर्चीवर बसण्याआधीच त्याने बोलायला सुरुवात केली.

"डॉक्टरसाहेब, बहिणीचं लग्न १५ दिवसांवर आलंय. वडिलांची ही बेंबी तेवढी कापून टाका, म्हणजे मांडवात नीट उभे राहतील. आमच्या शेजारच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं."

मी गृहस्थांना तपासले. डोळ्यांत पिवळसर झाक होती. पायावर बोट दाबले की खड्डा पडत होता. १५ वर्षे रोज दारू चालू होती. सहा महिन्यांपूर्वी कावीळ झाली, ती गावातल्या औषधाने 'उतरली' असे त्यांचे म्हणणे. मी मुलाला सांगितले, "आज ऑपरेशन नाही. लग्नाआधी तर नाहीच नाही." मुलगा नाराज झाला. म्हणाला, "एवढ्याशा गाठीचं ऑपरेशन करायला काय अडचण आहे?"

वाचकहो, या मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. शेजारच्या काकांचा हर्निया आणि त्याच्या वडिलांचा हर्निया बाहेरून सारखाच दिसतो. फरक आहे तो आतल्या यकृतात. असे रुग्ण आमच्याकडे दरमहा येतात, म्हणून आजच्या लेखात हा विषय घेतला आहे.

हर्निया म्हणजे काय?

आपल्या पोटाची पुढची भिंत स्नायू आणि चिवट पडदे यांची बनलेली असते. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब त्या चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते. तसेच पोटाच्या भिंतीत एखादी जागा कमकुवत झाली की आतली चरबी किंवा आतडे तिथून बाहेर डोकावते. यालाच हर्निया किंवा अंतर्गळ म्हणतात. जांघेत, बेंबीत आणि जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून तो जास्त करून होतो. खोकताना, जोर करताना गाठ वाढते, आडवे झाले की बहुधा आत जाते.

हर्निया गोळ्या-औषधांनी बरा होत नाही. टायरची चीर शिवावी लागते, तशीच पोटाची फटही शिवावी लागते. धडधाकट माणसात ही शस्त्रक्रिया आज बरीच सुरक्षित आहे. हेच ऑपरेशन यकृताच्या रुग्णात मात्र वेगळे वळण घेऊ शकते.

यकृत बिघडले की पोटात पाणी का होते?

यकृत आपल्या पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. दारू, हिपॅटायटिस बी व सी या विषाणूंची जुनी कावीळ, तसेच मधुमेह व स्थूलपणा यांमुळे यकृतात साठणारी चरबी, ही त्याच्या दीर्घ बिघाडाची मुख्य कारणे. वर्षानुवर्षे सूज राहिली की यकृताच्या मऊ पेशींच्या जागी कठीण, गाठाळ व्रण तयार होतात. यालाच लिव्हर सिरॉसिस म्हणतात. आयुष्यात दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसाला सिरॉसिस होऊ शकतो, हे मुद्दाम सांगतो. कारण रुग्णाकडे, विशेषतः बाईमाणसाकडे, लोक उगीच संशयाने पाहतात.

आतड्यांकडून येणारे रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जाते. यकृत कठीण झाले की या शिरेत रक्त तुंबते. त्याच वेळी रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन कमी होते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवू लागतात. मग पोटात पाणी साठते. याला जलोदर म्हणतात. कित्येकदा हे पाणी १० लिटरच्याही वर जाते.

मग बेंबीच का फुगते?

सिरॉसिसमध्ये जलोदर झालेल्या रुग्णांपैकी साधारण पाचांतल्या एकाला बेंबीचा हर्निया होतो. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, पाण्याचा दाब पोटाच्या भिंतीवर आतून सतत असतो. दुसरे, यकृताच्या आजारात अंगातले मांस झडते, त्यात पोटाचे स्नायूही पातळ होतात. तिसरे कारण थोडे गमतीचे आहे. आपण आईच्या पोटात असताना बेंबीतून यकृताकडे एक शीर जात असते. जन्मानंतर ती बंद होते. पण यकृताकडे रक्त तुंबले की रक्त वाट शोधू लागते आणि ही जुनी वाट पुन्हा उघडू शकते. त्यामुळे बेंबीजवळची मूळचीच नाजूक जागा आणखी सैल होते.

म्हणजे अशा रुग्णात हर्निया हा मूळ आजार नव्हे. तो आतल्या आजाराने बाहेर धरलेला झेंडा आहे. झेंडा काढून टाकला म्हणजे आजार गेला असे होत नाही.

ऑपरेशनमध्ये कोणते धोके असतात?

यकृत निरोगी असताना जी कामे मुकाट्याने करते, ती शस्त्रक्रियेच्या वेळी किती मोलाची होती हे ते बिघडल्यावर समजते.

रक्तस्राव : रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात बनतात. शिवाय सिरॉसिसमध्ये प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, मोठी होते आणि प्लेटलेट्स कमी होतात. भरीस भर म्हणून बेंबीभोवती फुगलेल्या शिरांचे जाळे असते. तिथे चाकू लागला की रक्त आवरणे जड जाते.

जखम न भरणे आणि पाणी झिरपणे : जखम भरायला प्रथिने लागतात आणि त्यांचाच इथे तुटवडा असतो. त्यात आतले पाणी टाक्यांवर दाब देत राहते. टाक्यांतून पाणी झिरपू लागले की जखम ओली राहते, उसवते, आणि त्याच वाटेने जंतू आत शिरतात.

जंतुसंसर्ग : यकृताच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते. पोटातल्या पाण्यात जंतू वाढले तर तो आजार जिवावर बेततो. म्हणून ऑपरेशनआधी सुईने थोडे पाणी काढून त्याची तपासणी करतात. एक घन मिलिमीटर पाण्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी २५० किंवा त्याहून जास्त निघाल्या, तर आधी संसर्गाचा उपचार करायचा, ऑपरेशन नंतर.

यकृत आणखी ढासळणे : भूल आणि ऑपरेशनच्या ताणाने यकृताचा रक्तपुरवठा कमी होतो. जे यकृत कसेबसे काम रेटत होते, ते कोलमडते. कावीळ वाढते, पाणी वाढते.

भ्रम व गुंगी : शरीरातला अमोनियासारखा विषारी कचरा यकृत साफ करते. ते काम थांबले की त्याचा परिणाम मेंदूवर होतो. रुग्ण बरळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, शेवटी बेशुद्ध होतो. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, झोपेच्या गोळ्या यांनी हा त्रास ओढवतो.

मूत्रपिंड बंद पडणे : यकृताच्या रुग्णाची मूत्रपिंडे काठावर उभी असतात. रक्तदाब थोडा उतरला, वेदनाशामक गोळी चुकीची पडली, की लघवी कमी होते.

हर्निया परत होणे : पोटातले पाणी आटोक्यात आणले नाही, तर कितीही सुरेख शिवले तरी तोच दाब ती शिवण पुन्हा उसवतो.

हा धोका मोजता येतो का?

अंदाजाने नव्हे, हिशेबाने मोजता येतो. १९६४ मध्ये चाइल्ड आणि टरकॉट या दोन शल्यविशारदांनी यकृताच्या रुग्णांचे गट पाडण्याची एक रीत सांगितली. १९७३ मध्ये पघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात सुधारणा केली. आजही ती जगभर वापरतात. यात पाच गोष्टी पाहतात : रक्तातले बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची तपासणी, पोटातले पाणी आणि मेंदूवरचा परिणाम. प्रत्येकीला १ ते ३ गुण. बेरीज ५ किंवा ६ आली तर अ गट, ७ ते ९ आली तर ब गट, १० ते १५ आली तर क गट. शाळेतल्या उलट, इथे जितके गुण जास्त तितकी प्रकृती वाईट.

अमेरिकेत १९८४ आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत सिरॉसिसच्या रुग्णांच्या पोटाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला होता. अ गटातले १०० पैकी सुमारे १०, ब गटातले सुमारे ३० आणि क गटातले ७५ ते ८० रुग्ण दगावले होते. हे आकडे पोटाच्या सर्व तऱ्हेच्या शस्त्रक्रियांचे आहेत, त्यांत तातडीच्याही होत्या. तयारीनिशी केलेल्या हर्नियाच्या ऑपरेशनचा धोका याहून पुष्कळ कमी असतो आणि आजची भूल व अतिदक्षता सेवाही सुधारली आहे. पण पायऱ्या त्याच आहेत. गट खाली घसरला की धोका उडी मारतो. याशिवाय बिलिरुबिन, रक्त गोठण्याची तपासणी आणि क्रिएटिनिन यांच्यावरून काढलेला मेल्ड नावाचा गुणांकही आता सर्रास वापरतात.

आमच्या गृहस्थांचा हिशेब असा निघाला : बिलिरुबिन २.६ म्हणून २ गुण, अल्ब्युमिन २.६ म्हणून ३ गुण, रक्त गोठण्याचा आकडा १.६ म्हणून १ गुण, पोट पाण्याने तट्ट म्हणून ३ गुण, मेंदू ठीक म्हणून १ गुण. एकूण १०, म्हणजे क गट. मी हा कागद मुलासमोर ठेवला आणि म्हणालो, "आज चाकू लावला तर बहिणीच्या लग्नात वडील असतीलच, अशी खात्री मी देऊ शकत नाही." तो एकदम गप्प झाला.

म्हणजे ऑपरेशन करायचेच नाही का?

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

सुमारे २० वर्षांपूर्वी एका खेडेगावातून एक बाई आल्या होत्या. वय ४८. हिपॅटायटिस बी मुळे झालेला सिरॉसिस, पोटात पाणी, बेंबीचा हर्निया. गाठीवरची कातडी ताणून चकचकीत झाली होती आणि मध्ये छोटासा काळसर डाग होता. त्या काळी माझी समजूत अशी होती, की सिरॉसिसच्या रुग्णाला चाकू लावायचाच नाही. मी त्यांच्या यजमानांना म्हणालो, "यकृत खराब आहे, ऑपरेशन झेपणार नाही. पट्टा बांधा आणि सांभाळा." काय सांभाळायचे ते मी सांगितले नाही. पोटातले पाणी कमी करण्याचा नेटाने प्रयत्न केला नाही. पुन्हा कधी यायचे तेही लिहून दिले नाही.

आठ महिन्यांनी एका रात्री त्यांना बैलगाडीतून फाट्यापर्यंत आणि तिथून जीपने आणले. खोकल्याच्या उबळीत त्या काळ्या डागाची कातडी फुटली होती. पाण्याने दोन लुगडी भिजली होती आणि आतड्याचा एक वेढा बाहेर आला होता. रात्रीच ऑपरेशन करावे लागले. ऑपरेशन पार पडले. पण चौथ्या दिवशी लघवी कमी झाली, सातव्या दिवशी भ्रम सुरू झाला आणि अकराव्या दिवशी त्या गेल्या. यजमानांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "तुम्ही सांभाळा म्हणालात, आम्ही सांभाळतच होतो."

बेंबी अशी फुटण्याचा प्रकार १९६१ मध्ये फ्लड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी वर्णन केला होता, म्हणून त्याला फ्लड सिंड्रोम म्हणतात. फ्लड या इंग्रजी शब्दाचा अर्थ पूर, हा केवळ योगायोग. दुसरा प्रकार म्हणजे आतडे फटीत अडकून त्याचा रक्तपुरवठा बंद होणे. दोन्हींत तातडीचे ऑपरेशन करावे लागते आणि तयारीला वेळच मिळत नाही. अशा तातडीच्या ऑपरेशनमध्ये मृत्यूचा धोका ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या कित्येक पट असतो.

तेव्हा प्रश्न 'ऑपरेशन करायचे की नाही' असा नसतो. प्रश्न 'आज करायचे, की तयारी करून करायचे' असा असतो. नुसते 'थांबा' म्हणणे हा सल्ला नव्हे. थांबण्याच्या काळात काय करायचे, हे सांगितले तरच तो सल्ला. हे शिकायला माझ्या एका रुग्णाचा जीव गेला.

तयारी कशी करावी?

दारू पूर्ण बंद : कमी करणे नव्हे, बंद. सणाला नाही, लग्नात नाही. दारूमुळे बिघडलेले यकृत ती सोडल्यावर काही महिन्यांत पुष्कळ सावरू शकते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर कंप, भास, झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

मूळ विषाणूचा उपचार : हिपॅटायटिस बी वर विषाणू दाबून ठेवणारी रोजची गोळी आहे आणि हिपॅटायटिस सी तर बहुतेक रुग्णांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. सिरॉसिस पुढे गेलेला असेल तर सी चा औषधक्रम वेगळा किंवा लांबणीचा असू शकतो. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याखाली सरकारी केंद्रांत या दोन्हींची तपासणी व औषधे मोफत मिळतात. याची चौकशी आपल्या जिल्हा रुग्णालयात जरूर करा.

मीठ कमी : दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून एक छोटा सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण, सुके मासे बंद. सैंधव चालते असे पुष्कळ जण समजतात, पण सैंधव हेही मीठच आहे. बाजारात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते. पाणी काढणाऱ्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरते, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाणी उतरवणारी औषधे : स्पायरोनोलॅक्टोन व फ्रुसेमाइड या गोळ्या डॉक्टर ठरवतील त्या मात्रेत घ्याव्यात. मधून मधून सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे लागते. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. पाणी फारच असेल तर सुईने काढतात. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त काढले तर शिरेतून अल्ब्युमिन द्यावे लागते. पाणी एकदम उपसले की फट आवळते आणि आतडे अडकू शकते. म्हणून पाणी काढल्यावर गाठ आत जाते की नाही हे पाहूनच रुग्णाला घरी सोडावे.

आहार : कावीळ म्हटली की घरचे लोक डाळ, दूध, अंडी बंद करतात आणि उसाच्या रसावर व ग्लुकोजवर माणूस ठेवतात. सिरॉसिसच्या रुग्णाचे यामुळे नुकसानच होते. त्याला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. पोटातले पाणी वगळून वजन ६० किलो असेल तर रोज ७० ते ९० ग्रॅम. वरण, उसळ, दूध, दही, अंडी, सोयाबीन सगळे चालते. रात्रभर उपाशी राहू नये. झोपण्यापूर्वी दूध-पोळी किंवा दूध-भाकरी खावी. उपासतापास बंद.

पोट साफ व खोकला आटोक्यात : शौचाला कुंथावे लागू नये. दिवसाला दोन-तीनदा मऊ शौचाला होईल इतपत लॅक्टुलोज देतात. दमा, खोकला यांचा उपचार करावा. विडी-तंबाखू सोडावी.

औषधांची काळजी : डायक्लोफिनॅक, आयब्रुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत. मूत्रपिंड बिघडते आणि रक्तस्रावाची भीती वाढते. पॅरासिटॅमॉल चालते, पण विचारून आणि दिवसाला २ ग्रॅमच्या आत. कावीळीवरची अनोळखी मुळे, भस्मे टाळावीत.

ऑपरेशन कसे होते?

शक्य तर यकृतविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग जिथे आहे तिथेच हे ऑपरेशन करावे. आधी अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून पाहून घेतात. रक्त गोठण्याचा आकडा थोडा वाढलेला दिसला म्हणून केवळ तो आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्माच्या पिशव्या चढवण्याची पूर्वीची पद्धत आता मागे पडली आहे. फट लहान असेल आणि रुग्ण नाजूक असेल तर स्थानिक भूल देऊनही काम होते. फट शिवून तिला जाळीचा आधार द्यावा का, हा निर्णय पाहून घ्यायचा असतो. जाळीने हर्निया परत होण्याचे प्रमाण कमी होते, पण जखमेत जंतू असतील तर जाळीच अडचणीची ठरते. ऑपरेशननंतरही पाणी आटोक्यात ठेवण्याचे उपचार तसेच चालू राहतात. खरी परीक्षा पुढचे महिनाभर असते.

पाणी औषधांना दादच देत नसेल, तर यकृतातल्या शिरांचा दाब उतरवण्याची टिप्स नावाची प्रक्रिया काही रुग्णांत करता येते. ज्यांचे यकृत प्रत्यारोपण लवकरच व्हायचे आहे, त्यांचा हर्निया त्याच वेळी शिवणे बहुधा सोयीचे असते.

जांघेतल्या हर्नियाबद्दल दोन शब्द. तो अडकण्याचा धोका बेंबीच्या हर्नियापेक्षा कमी असतो. त्रास नसेल आणि यकृत फार नाजूक असेल तर लक्ष ठेवून थांबता येते. अ गटातल्या रुग्णात मात्र तयारीनिशी ऑपरेशन करायला हरकत नसते.

ताबडतोब रुग्णालय गाठा

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नका :

१. नेहमी आत जाणारी गाठ जाईनाशी होणे, कडक होणे, दुखणे.
२. उलट्या, पोट फुगणे, गॅस व शौच बंद होणे.
३. गाठीवरची कातडी लाल, काळी किंवा पातळ होणे, तिथे फोड किंवा जखम होणे.
४. बेंबीतून पाणी झिरपणे.
५. ताप आणि पोटदुखी.
६. बरळणे, दिवसा गुंगी, हाताला थरथर.
७. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, लघवी कमी होणे.

बेंबी फुटली तर रुग्णाला आडवे निजवा, स्वच्छ धुतलेले कापड ओले करून वर ठेवा आणि तसेच न्या. आतडे बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नका. हळद, राख, पावडर काही लावू नका. तोंडाने काही देऊ नका. एरवीसुद्धा गाठीवर नाणे ठेवून घट्ट बांधणे, चोळणे, शेकणे हे प्रकार करू नका. त्याने कातडी लवकर फाटते. मऊ रुंद पट्ट्याने थोडा आधार मिळतो, पण तोही डॉक्टरांनी दाखवला तसाच बांधावा. पट्टा हा उपचार नव्हे, आधार आहे.

शेवटी

आमच्या गृहस्थांचे पुढे काय झाले? लग्नाला ते पट्टा बांधून गेले. मुलगा सांगत होता, पंगतीत वडिलांनी घरून नेलेला कमी मिठाचा डबा उघडला तेव्हा पाहुणे हसले. वडील म्हणाले, "हसा, पण मला नातवंडं बघायचीत." दारू त्यांनी त्या दिवशीही घेतली नाही. घरच्या कारभारणीने वजनाची वही एक दिवसही चुकवली नाही. तीन महिन्यांत वजन १३ किलोने उतरले, ते सगळे पाणीच होते. बिलिरुबिन १.६, अल्ब्युमिन ३.१, रक्त गोठण्याचा आकडा १.४, पोटात थोडेसेच पाणी. बेरीज ७, म्हणजे ब गट. मग सोयीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवून ऑपरेशन करून घेतले. शेजारच्या काकांसारखे दुसऱ्या दिवशी नव्हे, नवव्या दिवशी ते घरी आले. टाक्यांतून दोन दिवस थोडे पाणी झिरपले, ते थांबले.

त्यांचे यकृत नवे झालेले नाही. सिरॉसिस आहे, गोळ्या आहेत, दर महिन्याला तपासणी आहे. मीठ आणि दारू यांपैकी एकाला जरी पुन्हा घरात घेतले तरी सगळे मुसळ केरात जाईल, हे त्यांना माहीत आहे. पण ज्या ऑपरेशनला ते तेव्हा तयार नव्हते, त्याला तीन महिन्यांनी तयार झाले. ही तयारी डॉक्टरांनी थोडी आणि घरच्यांनी फार केली.

म्हणून आपल्या घरात यकृताचा रुग्ण असेल आणि त्याची बेंबी वर येऊ लागली असेल, तर गाठ लहान असतानाच दाखवा. डॉक्टर 'थांबा' म्हणाले तर रागावू नका, पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नका : माझा गट कोणता? थांबायचे तोवर मी काय करायचे? आणि कोणते लक्षण दिसले की धावत यायचे? ही तीन उत्तरे कागदावर लिहून घ्या. त्या बाईंच्या यजमानांना मी ती दिली नव्हती. तुम्ही मात्र ती मागून घ्या.